हिरव्या रंगाचे दोन हात

आमच्या सासऱ्यांनी सैन्यात बावीस वर्षं ट्रक चालवला आणि निवृत्त झाल्यावर लिलावातून तसलाच एक ट्रक घरी आणला. लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात. आमच्याकडे बागेच्या जागी ट्रक उभा आहे. त्याने स्वयंपाकघराची खिडकी अडवली, कपड्यांची दोरी अडवली, आणि चार दिवसांपूर्वी तो सुरू व्हायचाही थांबला. तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला, "सुरू होते ती गाडी, होत नाही ते भंगार. रविवारी अकरा वाजता भंगारवाला येतोय."

सासूबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. त्यांनी क्रेनसुद्धा सांगून ठेवली होती.

आता घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. गाड्यांची वायरिंग, स्टार्टर, डायनामो. आसपासचे निम्मे टेम्पोवाले माझ्याकडे येतात. पण सासरे चार दिवस माझ्या दारावरून ये-जा करत होते आणि विचारायचं नाव नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बॅटऱ्या चार्ज करून आणल्या, मग नव्याच आणल्या. स्टार्टर काढून लांबच्या एका मिस्त्रीला दाखवला. त्याच्या टेबलावर तो झकास फिरला. ट्रकला बसवला की मात्र नुसतं 'टक्'. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. नवऱ्याला काही विचारायची सोय नव्हती, कारण असल्या वेळी तो हमखास बाजारात असतो.

रविवारी सव्वादहाला सासरे माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तुझं ते मीटर मिळेल का जरा?"

"मिळेल की. चला, येते मी."

"नाही नाही, तू कशाला? तुझी कामं असतील. नुसतं मीटर दे."

ताकाला जाऊन भांडं लपवतात ते असं. "मीटर एकटं कुठे जात नाही, बाबा," मी म्हटलं आणि पान्यांचा डबा उचलला.

ट्रकजवळ गेले आणि थबकले. दुकानाच्या गडबडीत आठवडाभर मी अंगणात नीट पाहिलंच नव्हतं. ट्रक नखशिखांत हिरवागार झाला होता. बिजागऱ्या हिरव्या, बोल्टांची डोकी हिरवी.

"हे कधी केलंत?"

"मागच्या आठवड्यात. तपासणीच्या आधी आम्ही असंच करायचो. एकेक बोल्ट काढायचा, गंज घासायचा, रंगाचे दोन हात द्यायचे आणि मग परत बसवायचा. वरवरचं काम मला चालत नाही."

"आणि ट्रक बंद कधी पडला?"

"त्यानंतर. पण त्याचा काय संबंध?"

सासऱ्यांना नुसत्या संशयावरून वेड्यात काढू नये. आधी मीटरला बोलू द्यावं.

बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या होत्या. दोन्ही मिळून पंचवीस दाखवत होत्या, म्हणजे त्यांचा दोष नाही. मग मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. हे दोन्ही आतून जोडलेले असतात, त्यामुळे मीटरने जवळजवळ काहीच दाखवायला नको.

"दाबा बटण."

टक्. काटा थेट पंधरावर गेला.

"बाबा, वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं. ही बॅटरीतून निघते, स्टार्टरपर्यंत पोचते, पण चासीतून, म्हणजे या खालच्या लोखंडी सांगाड्यातून, परत यायची वाट बंद आहे."

"कुणी बंद केली?" त्यांनी दरडावून विचारलं.

मी ट्रकखाली सरकले. बॅटरीपासून चासीला येणारी अर्थिंगची पट्टी एका बोल्टने आवळलेली होती. बोल्ट काढला. पट्टीच्या खाली, जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवं, तिथे सुरेख गुळगुळीत हिरवा रंग. दोन हात. मी सासऱ्यांना खाली बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्या रंगावरून अंगठा फिरवला.

तेवढ्यात फाटकाशी क्रेन आली. सासूबाई पायरीवर घड्याळ घेऊन बसल्या होत्या. "अजून दहा मिनिटं आहेत," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या. "मी कुणावर अन्याय करत नाही."

"एवढाच तुकडा घासायचाय, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातून पॉलिशपेपर घेतला आणि स्वतः घासायला बसले. लोखंड पांढरं पडेपर्यंत घासलं. घाम डोळ्यांत उतरला तरी थांबले नाहीत. गेले चार दिवस मी मनातल्या मनात त्यांना हसत होते, त्याचं तेव्हा मला फार वाईट वाटलं. मी पट्टी आवळली, ते वर चढले, बटण दाबलं.

ट्रक गरजला. काळ्या धुराचा लोट दोरीवरच्या चादरींवरून गेला.

"काय बिघडलं होतं?" भंगारवाल्याने पडल्या चेहऱ्याने ओरडून विचारलं.

"काही नाही हो, एक वायर सैल…" मी थाप मारायला लागले.

"वायरबियर काही नाही!" सासरे केबिनमधून म्हणाले. "नको तिथे मीच रंग लावला होता. सूनबाईंनी शोधून काढलं. माझं चुकलं."

सासूबाईंनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात? या आवाजात काही ऐकू येत नाही. बंद करा जरा ते."

सासऱ्यांचा हात इंजिन बंद करायच्या दांड्यापाशी गेला आणि तिथेच थांबला. बंद केलं आणि परत सुरूच झालं नाही तर? क्रेन अजून फाटकातच उभी होती. त्यांनी हात मागे घेतला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि छाती भरून ओरडले, "माझं चुकलं!"

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

"तुम्ही निघा, ट्रक राहतोय," सासूबाई भंगारवाल्याला म्हणाल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं गं हे. इंजिन इतक्यात बंद करू देऊ नकोस. अजून दोनदा तरी विचारते."