अकरा सेकंदांचे आजोबा

मी मेमरी कार्ड बोलतोय. टपाल तिकिटाएवढा जीव, पण कपाळावर आकडा केवढा! १७०. त्याच आकड्यानं घात केला.

तो आकडा माझ्यातलं बाहेर काढण्याच्या वेगाचा आहे हो! व्हिडिओ कार्डात किमान किती वेगानं उतरतो, ते कोपऱ्यातल्या बारीक 'व्ही'पुढे लिहितात. माझ्या कोपऱ्यात व्ही नाहीच. पण बघतो कोण?

दुकानात एक गरोदर बाई आली. "दादा, व्हिडिओसाठी फास्ट कार्ड द्या. उद्या बाबांचं घशाचं ऑपरेशन आहे. नंतर बोलता येणार नाही त्यांना."

दुकानदारानं फोनमधून मान वर न काढता मला पुढे सरकवलं. "हे घ्या ताई, एकदम सुसाट." शेजारी व्हीवालं कार्ड होतं. त्याचा आकडा लहान, म्हणून तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिच्या बाबांनी तीस वर्षं बस स्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. येणाऱ्या नातवंडासाठी त्यांना चार गोष्टी बोलून ठेवायच्या होत्या. खुर्चीत बसताच ते सवयीनं म्हणाले, "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

"येतोय बाबा, बोला."

"अगं, आधी थोडं तपासून तर बघ."

"नवं कोरं कार्ड आहे बाबा!"

अकराव्या सेकंदाला माझा दम संपला. 'कार्डचा वेग अपुरा. रेकॉर्डिंग थांबले,' असं कॅमेऱ्यानं पडद्यावर लिहिलं. पण ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती. ते पाऊण तास बोलले. नोकरीच्या पहिल्याच दिवशी चुकीची गाडी पुकारली होती, ते सांगताना हसले. शेवटी बाळासाठी अंगाई गायले. मला त्यातलं अक्षरही ठेवता आलं नाही.

ऑपरेशन झाल्यावर तिनं मला लॅपटॉपमध्ये घातलं. "मेल्या, तुला फास्ट म्हणून आणलं होतं!" म्हणत ती ढसाढसा रडली. शिव्या मी खाल्ल्या, दुकानदार नामानिराळा. आणि म्हाताऱ्याचं तपासून बघ म्हणणं? ते तिनंही ऐकलं नव्हतंच की!

आता बाळ सहा महिन्यांचं आहे. कार्ड घेताना बारीक अक्षरं वाचा, पाच मिनिटं रेकॉर्ड करून बघा, एवढंच माझं मागणं. माझं काय, मी रोज तेच अकरा सेकंद ऐकवतो. "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?" बाळ खुदकन हसतं आणि लॅपटॉपकडे हात पसरतं. आजोबा शेजारीच लिहून बोलायची पाटी धरून बसलेले असतात. त्यांच्याकडे ते वळूनही बघत नाही.