राहिलेली खूण

"सर, सरकारनं बंद केलेलं पान उघडायचं कसं?"

हा प्रश्न विचारायची पैज मागच्या बाकावरच्या तिघींनी लावली होती. "आहे का हिंमत?" म्हणाल्या. मला काय! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटत नव्हता, आणि यंदा वक्तृत्वात पहिली आलेली मी. उठले आणि विचारून मोकळी झाले.

पैज त्यांची होती, गरज मात्र माझी. माझा दादा समुद्रापलीकडे जहाजांच्या कारखान्यात वेल्डर. तेवीस दिवस आमच्याकडे बाहेरचे फोन बंद, निरोप बंद, आणि तिकडे राबणारी आपली माणसं इंटरनेटवरच्या ज्या एका पानावर खुशाली लिहितात तेही बंद. आई रोज फोन लावायची, आणि 'संपर्क होऊ शकत नाही' हे त्यातल्या बाईचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून मगच ठेवायची. कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकूंचा मुलगाही तिकडेच. मी शाळेतून आले की शिवणयंत्र थांबवून त्या विचारायच्या, "काही कळलं का गं?"

तास संपल्यावर कॉम्प्युटरच्या सरांनी मला फळ्याजवळ बोलावलं. आवाज अगदी खाली.

"तुझं पत्र नाक्यावर अडवतात, असं समज. मग ते पाकिटात बंद करून पलीकडच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवायचं. तो तिथून पुढे टाकतो. पाकीट म्हणजे बोगदा, तो माणूस म्हणजे प्रॉक्सी. तिकडे कुणाचा कॉम्प्युटर आहे?"

"दादाचा! त्याच्या खोलीवर कायम चालू असतो. पासवर्डपण दिलाय त्यानं, फोटो बघायला."

सरांनी कागदावर सगळं उतरवून दिलं. दारातून तिघी डोकावत होत्या. मी वळून त्यांना अंगठा दाखवला. सर अजून काहीतरी सांगत होते.

"लक्षात आलं ना?"

"हो सर!" दिलं ठोकून.

घरी लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत सरांच्या कागदावरची आज्ञा टाईप केली, पासवर्ड दिला. बोगदा उघडला. पहिलीच ओळ आली: याआधीचा प्रवेश बावीस दिवसांपूर्वी. म्हणजे इतके दिवस दादानंही तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. आईला ती ओळ वाचून दाखवली नाही. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता १२७.०.०.१, पोर्ट १०८०. हवामानाचं पान उघडून पाहिलं, तर इथलं नाही, दादाच्या तिकडच्या गावचं ऊन दिसलं! मी खुर्चीवर उभी राहून नाचले.

पण खुशालीचं पान? 'सापडलं नाही.' सोमवारी वीस वेळा. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, तेच.

"ते पानच मेलंय," मी जाहीर केलं.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "भिंतींना कान असतात. सोड तो नाद."

शुक्रवारी सरांनाच गाठलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सेटिंगमधल्या सगळ्यात खालच्या चौकटीत खूण केलीस? पानाच्या नावाचा पत्तासुद्धा प्रॉक्सीलाच विचारायचा, ती?"

"कुठली खूण?"

"अगं, पाकीट बंद केलंस, पण पत्ता मात्र नाक्यावरच्याच माणसाला विचारत बसलीस. तो कशाला सांगेल? त्या दिवशी बोललो होतो मी."

त्या दिवशी मी अंगठा दाखवत होते.

घरी येऊन खूण केली. एक टिचकी. पान झटक्यात उघडलं. आई-बाबा मागे येऊन उभे राहिले. दादाच्या खोलीतल्या जोडीदारानं लिहिलं होतं.

सोमवार: 'टकळीच्या घरच्यांनो, तुमचा मुलगा कामावर उंचावरून पडला. तीन आठवडे बेशुद्ध होता, आज शुद्धीवर आला. इथे लिहा, मी वाचून दाखवतो.'

टकळी म्हणजे मी; शाळेत मुकी होते तेव्हाही घरी दादा मला हेच म्हणायचा.

मंगळवार: 'टकळीला म्हणतोय, एरवी तोंड मिटत नाही तुझं, आता बोल की.'

गुरुवार: 'दर तासाला विचारतो, आलं का काही.'

शुक्रवार, सकाळ: 'पहाटे गेला. काय लिहू.'

आई रडली नाही. "वर जा," म्हणाली. "सोमवारचं वाच." मी वाचलं. "परत." तीनदा तिनं माझ्याकडून 'शुद्धीवर आला' एवढंच वाचून घेतलं. मग ती खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही.

मला पान सरकवत राहण्याशिवाय काही सुचेना. खाली आणखी एक निरोप होता, दुपारचा: 'शिंपीणबाईंच्या मुलाचं उद्या सकाळी ऑपरेशन. घाबरलाय फार. आईचा एक शब्द हवाय.'

बाबांनी तो वाचला. लॅपटॉपचं झाकण लावायला त्यांचा हात पुढे आला. "बंद कर. आपलं गेलं ते गेलं. हे बाहेर फुटलं तर तुलाही घेऊन जातील."

मी झाकण धरून ठेवलं. कोपऱ्यावर शिवणयंत्राची खडखड चालू होती.

"बाबा, आई, मी काकूंना बोलवायला चाललेय. आत्ता. हे पान कुणी बंद करायचं नाही."