अंगठ्याचा कोपरा

अर्धं ब्लेड. मधोमध मोडलेलं, एका कडेला कागदाचा बोळा गुंडाळलेला, तलाईताईच्या चिमटीत धरलेलं... उन्हात ते चमकलं आणि चेमेलीला वाटलं, याच्याकडे आपण आज पहिल्यांदाच नीट बघतोय. वर्षानुवर्षं लांबचं धावून आलं की दुपारी अंगणात हेच — ताई स्टुलावर, आपण जमिनीवर, आपला पाय तिच्या मांडीत.

"दे पाय. परवा निवडीची शर्यत आहे आणि तुझा अंगठा बघ! घुसलेला कोपरा खोलवर कोरून काढते, म्हणजे पीडाच जाईल."

खोलवर कोरून. सकाळीच दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तो अंगठा दाबला होता, कडेनं पू आला होता आणि त्या खेकसल्या होत्या, "कोण कापतं गं ही नखं? कोपरे कोरायचे नसतात, सरळ कापायची! कोरलं की वाढताना टोक मांसात शिरतं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवत जा, कडेखाली कापसाची वात सरकव. आणि हे बूट आधी काढ, बोटं चेंगरलीयत बघ आत. उतरलं नाही तर नखाची कड काढावी लागेल." मग, ताई कापते म्हटल्यावर, एकदम विरघळून — "तलाई? शर्यती जिंकते ती? भाग्याची आहेस हो!"

भाग्याची! बूटही भाग्याचेच. या डोंगरावर जिंकणाऱ्याचे उतरलेले बूट घरातल्या धाकट्यानं घालायचे, नाही म्हटलं तर त्याच्या यशावर थुंकल्यासारखं. चेमेलीचा पाय ताईपेक्षा बोटभर लांब, पण आई म्हणाली होती, "मग बोटं आखड, त्यात काय एवढं?" आखडली. त्याच बुटांत रोज पहाटे लाल मातीच्या रस्त्यावर ताईच्या पुढे धावायचं, समोरचा वारा आपण अंगावर घ्यायचा, आणि चढ संपला की निमूट बाजूला व्हायचं — परवाही तसंच ठरलंय, ताई म्हणाली, चढापर्यंत मला ओढून ने, पुढे तुझं तू बघ. पुढे काय बघणार, कपाळ? तोवर पायात जीव उरलेला नसतो. निवड झाली तर मी राजधानीत जाईन, माझ्या नावानं धावेन, नाही झाली तर ताईपुढचा वारा आहेच जन्मभर... आणि लहानपणी दोघी शाळेत अनवाणी पळत जायचो तेव्हा मागून कोण ओरडायचं? "थांब की गं भवाने, मला टाकून कुठं पळतेस!" तेव्हा एकही नख कधी आत घुसलं नव्हतं.

ब्लेड टेकलं. चेमेलीनं दात आवळून मान खाली घातली, आणि तेव्हा तिला स्टुलापुढचं घमेलं दिसलं. ताईचे पाय कोमट पाण्यात होते. तळाशी न विरघळलेलं मीठ. नखं पट्टी लावून कापल्यासारखी सरळ.

"ताई, तुझी नखं सरळ आहेत."

"हं? ते परदेशातल्या पायांच्या डॉक्टरचं खूळ. कोपऱ्याला हात लावाल तर याद राखा म्हणतो."

"कधी म्हणाला?"

"झाली की दोन-चार वर्षं. हलू नकोस गं, लागेल."

दोन-चार वर्षं. दर आठवड्याला हीच मांडी, हेच ब्लेड, आणि जखमेवर अशीच मायेची फुंकर... ठाऊक असून केलं असेल का हिनं? असेल तर बरंच, मला हिचा मनापासून द्वेष करता येईल. पण ताईच्या चेहऱ्यावर काहीच नाही, फक्त काम नीट करायची ती जुनी काळजी — म्हणजे सुचलंच नाही हिला? घरावर पत्रे घातले, आईचं ऑपरेशन केलं, आणि माझाही पाय पायच आहे हे एवढ्या वर्षांत एकदाही सुचलं नाही? यातलं जास्त वाईट काय, हे चेमेलीला ठरवता येईना.

आई दूध आंबवायचा वाळका, पोकळ भोपळा हलवत दारात आली. आतून कोळशानं घासलेल्या भोपळ्यातल्या आंबट दुधाचा वास अंगणभर झाला. "बघ, अशी बहीण मिळायला नशीब लागतं!"

"लागतं ना," चेमेली म्हणाली, आणि तिनं पाय ओढून घेतला.

"अगं! कापलं असतं ना आत्ता!"

चेमेली सरकून पुढे झाली आणि तोच पाय तिनं ताईच्या घमेल्यात, ताईच्या पायाशेजारी सोडला. मीठ असं झोंबलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. पाणी स्थिर झाल्यावर दोघींचे पाय शेजारी शेजारी दिसू लागले — टाचा एका रेषेत, आणि चेमेलीचा सुजलेला अंगठा बोटभर पुढे.

ताई बघत होती. अर्धं ब्लेड तिच्या चिमटीत तसंच. आता ती काही बोलेल... परवाचं चढापर्यंतचं बोलेल, की बुटांचं, की नुसतंच, वेडी आहेस का म्हणेल. पूर्वी अशा वेळी चेमेलीच आधी हसायची, म्हणजे सगळं निभावून जायचं.

आज हसू येईना. आणलंही नाही मी. पाय आग आग करत होता, आणि मी तो तिथेच ठेवला.