डाव्या हातातल्या काड्या

व्याही झालेल्या मास्तरांच्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं लहानच होतं. 'पुन्हा जेवायला या. आमच्या टेबलावर चमचा मिळत नाही, कारण आमच्यात तो कुणाला लागत नाही. काड्या धरायला शिकून या. शिकायचं नसेल तर येऊ नका, पण मग आमच्या जेवणावर विनोदही करू नका.' खाली सही आणि सहीशेजारी ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्का.

विनोद अण्णांनी केला होता, हे खरं. लेकीच्या लग्नानंतर ते पहिल्यांदाच व्याह्यांकडे जेवायला गेले, पुढ्यात चॉपस्टिक्स आल्या आणि घाबरून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "यांनी जेवायचं, की स्वेटर विणायचा?" अण्णा मुळात अबोल. चारचौघांत बोलायची वेळ आली की आधी घसा कोरडा पडायचा आणि मग नको तेच बाहेर पडायचं. टेबलावर कुणी हसलं नाही. त्यांनी चमचा मागितला, लेकीनं तो स्वयंपाकघरातून शोधून आणला, ते मान खाली घालून जेवले आणि घरी आले.

तेवढ्यावरही निभावलं असतं. पण अण्णांची सगळी नोकरी छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली. मास्तर परक्या मुलखातून आलेले; इथली भाषा ते शिकले ती लोकांना गाडी शिकवता शिकवता, शेजारच्या सीटवर बसून. पत्रात ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. 'शिकून या' वाचून अण्णांचं डोकं असं भणाणलं, की त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि पत्र तपासून काढलं. समासात खुणा, ओळींच्या मध्ये दुरुस्त्या आणि वर कोपऱ्यात शेरा : 'पुन्हा प्रूफ दाखवा.' राग उतरला तेव्हा त्यांना लाज वाटली. पण पत्र टेबलावरच राहिलं आणि संध्याकाळी आलेल्या लेकीनं ते पाहिलं.

"हे तुम्ही तपासलंत?"

"सवयीनं झालं गं."

"सवयीनं? एवढ्याशा पत्रासाठी ते सबंध संध्याकाळ बसले होते, अण्णा. मी शेजारी होते. सारखं विचारत होते, हे बरोबर आहे का, ते बरोबर आहे का. मी म्हटलं, राहू दे, अण्णा समजून घेतील." तिनं पत्राची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. "त्यांना उत्तर लिहा. ते पोचेपर्यंत मी या घरात पाय ठेवणार नाही."

आणि खरोखरच तिनं ठेवला नाही.

अण्णा रोज लिहायला बसत. 'क्षमा' लिहिलं की फार नाटकी वाटे, 'गैरसमज' लिहिलं की खोटं वाटे. कागद फाटत होते, केराची टोपली भरत होती. घरात त्यांच्याखेरीज एक थोरली बहीण, आक्का. तिची जीभ म्हणजे चालती कात्री.

"दुसऱ्यांचं लिहिलेलं नीट करण्यात जन्म गेला तुझा," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या दोन ओळी धड जमेनात?"

"जमतील."

"कधी? ती पोर वाट बघून म्हातारी झाल्यावर?"

शेवटी अण्णांनी मनाशी ठरवलं, लिहिणं नाही जमत तर नाही. काड्याच शिकून जाऊ. समोर बसून जेवलो की तेच उत्तर. शिकवायला कुणाला सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तक आणलं. देशोदेशींच्या जेवणाच्या रीतींवरचं, जाडजूड, सचित्र. चॉपस्टिक्सच्या पानावर एक हसरा माणूस भाताचा घास उचलत होता आणि खाली लिहिलं होतं, 'अशा धराव्यात.' चित्रात काड्या डाव्या हातात होत्या. अण्णांना नवल वाटलं, पण छापून आलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. असेल त्यांच्यात डाव्याची पद्धत, ते म्हणाले. उगाच शंका काढून एकदा तोंड पोळलंच होतं.

मग स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. आधी खोडरबराचे तुकडे, मग शेंगदाणे, मग भात. शेंगदाणे टणाटण उडून कपाटाखाली जात आणि आक्का झाडू घेऊन मागे उभी.

"इतकी वर्षं लोकांच्या मजकुरात काड्या घातल्यास," ती म्हणाली, "आता भातात घाल."

पण जमलं. डावा हात आधी आखडला, मग सैलावला, आणि एके दिवशी वाटीतला भात शेवटच्या शितापर्यंत संपला. आक्का काही बोलली नाही, म्हणजे तिनं मान्य केलं.

सोमवारी ड्रायव्हिंग स्कूल बंद असतं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी न बोलावता जाऊन उभे राहिले. व्याह्यांचं घर स्कूलच्याच वरच्या मजल्यावर. दार मास्तरांनी उघडलं. ठेंगणे, रुंद, आवाज भर रस्त्यात असावा तसा.

"कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. शिकून आलोय."

"पत्राचं उत्तर?"

"जेवतो. तेच उत्तर."

मास्तर दारातून हलेनात. आतून विहीणबाई म्हणाल्या, "दारातून घालवू नका हो कुणाला. बसू देत." जावई खुर्ची घ्यायला उठला. लेक ताटल्या मांडत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मांडू लागली.

टेबल भिंतीला लावलेलं, लांबट, आणि बसायला बाक. मास्तरांच्या उजवीकडे, भिंतीलगत, जेमतेम जागा होती, तिथं अण्णा शिरले. भात, मासे, रश्शातल्या नूडल्स. अण्णांनी काड्या डाव्या हातात घेतल्या, एक नूडल उचलली आणि त्याच क्षणी त्यांचं कोपर मास्तरांच्या कोपरावर आदळलं. मास्तरांचा रस्सा बशीतून शर्टावर.

"लेन सोडू नका!"

"चुकून लागलं."

पुन्हा आदळलं. मास्तरांनी काड्या खाली ठेवल्या आणि अण्णांच्या हाताकडे पाहिलं.

"डावरे आहात?"

"नाही."

"मग डाव्यानं कशाला? सून म्हणाली तुम्ही साधे आहात. साधे! मागच्या वेळी तोंडानं चेष्टा, मग पेन्सिलीनं. तिच्याकडचं ते पत्र पाहिलंय मी! आणि आता हातानं?"

लेकीचा चेहरा उतरला.  अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे उजव्या हातानं जेवत होते. पहिल्या जेवणात त्यांनी मान वर केली असती तर तेव्हाच दिसलं असतं. आणि मग त्यांना चित्रातला तो हसरा माणूस आठवला. त्याच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूला होता.

"पुस्तकात बघून शिकलो," ते म्हणाले. "चित्र... चित्र उलटं छापलंय."

"आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही."

"माझी एकेक वेलांटी दिसली!" मास्तरांना भलताच आनंद झाला. "एकेक! आणि अख्खा माणूस उलटा, तो नाही दिसला! घ्या, उजव्या हातात घ्या. मी शिकवतो. खालची काडी हलवायची नाही. खालची म्हटलं! वरची. चूक. परत. अंगठा कुठं चाललाय? परत. नवशिक्या पोरींचंसुद्धा स्टिअरिंग याहून बरं असतं."

उजव्या हातात काही म्हणता काही टिकेना. मासा पडला, भात पडला, एक काडी टेबलाखाली गेली आणि जावयानं वाकून ती काढून दिली. मास्तर प्रत्येक चूक मोठ्यानं सांगत होते. अण्णांची कानशिलं तापली. उठून जावं असं वाटलं. पण बाकावरून उठायचं तर आधी मास्तरांना उठवायला हवं.

त्यांनी काड्या परत डाव्या हातात घेतल्या.

"चूक आहे ते," मास्तर म्हणाले.

"असू दे. घास तोंडात जातोय ना?"

"आणि माझं पत्र? तुम्हाला कळलं नव्हतं?"

अण्णांनी काड्या खाली ठेवल्या. 

"कळलं होतं," अण्णा म्हणाले. "पहिल्याच वाचनात."

मास्तर डावीकडे थोडे सरकले आणि जेवू लागले. पुढचं सगळं जेवण तसंच झालं. दोन्ही कोपरं अंग चोरून. विहीणबाईंनी अण्णांना दुसऱ्यांदा भात वाढला, तो त्यांनी डाव्या हातानं संपवला.

निघताना मास्तर दारापाशी आले, निरोपाला नव्हे, बजावायला. "जेवलात म्हणजे सुटलात असं समजू नका. मी लिहून पाठवलं होतं. तुम्हीही लिहून पाठवा. पोस्टानं."

लेक जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. "अण्णा," ती म्हणाली, "मी बोलले त्यात बदल नाही." पण तिनं दार लगेच लोटलं नाही.

अण्णा घरी गेले नाहीत. घरी गेलो तर पुन्हा टोपली भरेल, हे त्यांना माहीत होतं. ते कोपऱ्यावरच्या पोस्टात शिरले, एक कार्ड घेतलं आणि खिडकीजवळच्या फळीवर, दोरीनं बांधलेल्या पेनानं, उभ्या उभ्या लिहिलं :

'आपलं पत्र पोचलं होतं. लाल खुणा केल्या ते वाईट केलं. घरी आलेल्या पत्राशी असं वागू नये, हे मला कळायला हवं होतं. मला डाव्या हातानंच जेवता येतं आणि पुढेही मी तसाच जेवणार. पुढच्या वेळी मला टेबलाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे माझं कोपर आपल्याला लागणार नाही. जेवताना आपण फार ओरडता.'

शेवटच्या वाक्यापाशी पेन थबकलं. ते खोडावं का, असं त्यांना वाटलं. खोडायचं तर आधी सगळं पुन्हा वाचावं लागणार, आणि पुन्हा वाचलं तर कार्ड जाणार नाही. त्यांनी पत्ता लिहिला, सही केली आणि न वाचताच कार्ड पेटीत टाकलं.