चुडामणभाऊ म्हणतात

चुडामण माझ्याहून वयाने मोठा आहे. तरी कुंदा त्याला चुडामणभाऊ म्हणायची आणि मला नाना. ही गोष्ट लहान आहे हे मला कळतं. पण त्या वर्षी, म्हणजे नव्वदच्या आसपास, ती माझ्या मनातून जात नव्हती.

माझा जळगावात फोटो स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, एक उंच स्टूल, कुंडीत प्लॅस्टिकची फुलं. मुख्य काम लग्नाच्या मुलींच्या फोटोंचं. स्थळं बघायला सुरुवात झाली की मुलीला साडी नेसवून माझ्याकडे आणत आणि मी तिला स्टुलाशेजारी उभी करी. बाकीचा वेळ मी वाचत बसायचो. वाचनालयातली छायाचित्रणाची पुस्तकं मी इतक्यांदा नेली होती की ग्रंथपाल ती कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवायचे. मात्र पुस्तकातलं आपल्या हातात उतरतं का, ही शंका कधी गेली नाही.

कुंदा तायडे पिंप्राळ्याला राहायची. वडील रेल्वेत, आई शिक्षिका. भीमजयंतीच्या मिरवणुकीचे स्वतः काढलेले फोटो घेऊन ती पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, मोठे करून हवे असतील. तिने विचारलं ते वेगळंच. तिला फॅशनचे फोटो काढायचे होते, मासिकांत येतात तसे, आणि त्यासाठी काय करावं लागतं हे तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

असा प्रश्न घेऊन माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. मी घाबरलो आणि भराभर बोलत सुटलो. म्हटलं, कपड्याचा पोत समोरच्या उजेडात मरतो, बाजूच्या उजेडात दिसतो. आधी घरच्या माणसांवर हात बसव, ती कंटाळली तरी रागावून निघून जात नाहीत. फोटोआधी इस्त्री स्वतः करायची, दुसऱ्यावर सोडायची नाही. टाचण्या आणि कपडे वाळत घालायचे चिमटे जवळ असू देत; कपडा अंगाला बसत नसेल तर मागून चिमटे लावायचे, पुढून कुणाला कळत नाही. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती. त्या संध्याकाळी मी घरी जाताना मेहरूण तलावावरून लांबच्या रस्त्याने गेलो. मला चालावंसं वाटत होतं.

पण तिची मावशी धुळ्याला राहायची, आणि धुळ्यात आग्रा रोडला चुडामणचा स्टुडिओ होता.

चुडामण आणि मी तरुणपणी भुसावळला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यांवरचे डाग काढत बसायचो, तो गिऱ्हाइकांना हसवायचा. उस्ताद मला हुशार म्हणायचे आणि बाहेरगावच्या लग्नांना त्याला न्यायचे. तेव्हापासून असंच आहे. तो जिथे उभा राहतो तिथे माणसं जमतात. मी जिथे उभा राहतो तिथे माणसं मला बाजूला व्हायला सांगतात.

मावशीकडे जाऊन आल्यावर कुंदा सांगू लागली, "चुडामणभाऊ म्हणतात, मॉडेलला हसवायचं, पण हसताना बटण दाबायचं नाही. हसू ओसरायला लागलं की दाबायचं."

हे बरोबर होतं. माझ्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. मी म्हणालो, आधी उजेड मोजायला शीक.

मग ते सुरूच झालं. चुडामणभाऊ म्हणतात, साडीला उभं करू नका, चालू द्या. चुडामणभाऊ म्हणतात, मॉडेलला हात कुठे ठेवू असं विचारावं लागलं तर चूक आपली. दर खेपेला मला काहीतरी आवडायचं, आणि आवडलं म्हणून अधिकच राग यायचा.

त्या दिवाळीआधी साडीवाले बन्सीलालशेठ माझ्याकडे आले. त्यांना दुकानाच्या काचेत लावायला एक मोठा फोटो हवा होता, नव्या साडीचा. त्यांचा भाचा मुंबईत जाहिरातीच्या कंपनीत होता आणि दिवाळीला येणार होता. फोटो चांगला झाला तर त्याला दाखवीन म्हणाले. त्याला हाताखाली शिकायला माणसं लागतात. मी फोटोसाठी कुंदाचं नाव सुचवलं. शेठ तयार झाले. कुंदाला रात्रभर झोप आली नाही असं तिच्या आईने मला सांगितलं. तिच्या वडिलांनी एवढीच अट घातली होती, की मुंबईला पाठवायचं तर आधी कुणीतरी जाणत्याने हिचं काम पाहून हो म्हणावं.

फोटो माझ्या स्टुडिओत काढायचा असं मीच ठरवलं. धुळ्याला जायची गरज नाही म्हणालो. कुंदाची धाकटी बहीण कमल जांभळी साडी नेसून आली. कॅमेरा कुंदाच्या हातात होता, सूचना माझ्या. हनुवटी जरा खाली. नजर पायांपासून थोडी पुढे. पदर दोन्ही खांद्यांवरून घे, हात पुढे एकमेकांत. नंतर निगेटिव्हवर मी स्वतः पेन्सिल फिरवली, डोळ्यांखालची सावली काढली. फोटो सुरेख झाला. आयुष्यात इतका सुरेख फोटो माझ्या स्टुडिओतून गेला नव्हता.

तो काचेत लागल्यावर पारोळ्याचे एक गृहस्थ दुकानात शिरले आणि मुलीचं शिक्षण किती ते विचारून गेले. मग एक जोडपं आलं, त्यांनी उंची विचारली. एका बाईंनी मुलीला स्वयंपाक येतो का, हे थेट शेठना विचारलं. साडीची चौकशी कुणीच केली नाही.

शेठ माझ्याकडे आले ते रागावलेले नव्हते, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "नाना, मला साडी खपवायची होती. तुम्ही मुलगी दाखवलीत."

कमलला हसू आवरेना. कुंदा हसली नाही. फोटो तिच्या नावाचा होता. शेठनी दुसरा काढायला आठवड्याची सवड दिली. तोही असाच झाला तर भाच्याला दाखवण्यात अर्थ नाही, असं स्पष्ट सांगितलं. कुंदा खाली मान घालून म्हणाली की रविवारी धुळ्याला जाऊन काढते. मग म्हणाली, "तुम्हीपण चला ना नाना."

मला वाटलं, ती दयेने बोलावते आहे. तरी गेलो. मुक्काम पडला तर म्हणून पिशवीत धुतलेलं धोतर आणि एक पुस्तक घेतलं.

बस एरंडोलला बिघडली. आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चुडामणने जागा निवडून ठेवली होती, लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, खडकांत. वारा चांगला होता. त्याने मला मिठी मारली, कुंदाच्या पाठीवर थाप दिली आणि कमलला विचारलं की पारोळ्याच्या पाहुण्यांना होकार कळवला की नाही. ती लाजली, हसली, आणि एका मिनिटात त्या खडकांत घरच्यासारखी चालू लागली. पदर वाऱ्यावर लांब गेला. साडी पहिल्यांदा साडी दिसली. माझ्या फोटोत ती नुसती मुलीभोवती गुंडाळलेली होती.

मी एका दगडावर बसून हे पाहत होतो, आणि मला एक दिसलं जे चुडामणला दिसत नव्हतं. ऊन सरळ वरून पडत होतं. कमलच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे झाले होते, आणि निऱ्यांचा रंग सावलीत मरून गेला होता. नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण फिल्मवर हे येणार. चुडामणने जन्मभर लोकांना हसवलं, उजेड त्याने कधी मोजला नाही. मी गप्प राहिलो तर फोटो फसणार होता, आणि तो चुडामणच्या जागेवर, चुडामणच्या सांगण्यावरून फसणार होता. मग कुंदा काय म्हणाली असती? चुडामणभाऊ म्हणतात, असं तर नक्कीच म्हणाली नसती.

हा विचार मला फार गोड वाटला. मी पुस्तक उघडलंसुद्धा.

तेवढ्यात कुंदाने कॅमेरा खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. चुडामणकडे नाही. तिला काहीतरी खटकत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं. रोल थोडा उरला होता.

मी उठलो. पिशवीतून धोतर काढलं, उलगडलं आणि दोन्ही हातांनी ताणून कमलच्या समोर, जमिनीलगत धरून बसलो. वरचं ऊन त्या पांढऱ्या कापडावर पडून तिच्या चेहऱ्यावर आणि निऱ्यांवर उलटलं. जांभळा रंग एकदम जागा झाला.

चुडामण माझं नाव घेऊन अहिराणीत ओरडला, "का रे जीवराम, धोतर वायत घालस का?"

रस्त्याने जाणारे दोन सायकलवाले थांबून हसू लागले. मी लाजेने अर्धा झालो, पण हात खाली घेतले नाहीत. कमलही हसली. कुंदा थांबली. हसू ओसरू लागलं तेव्हा तिने बटण दाबलं.

तोच फोटो काचेत लागला. बायका आत येऊन जांभळी साडी मागू लागल्या. शेठच्या भाच्याने बराच वेळ काचेसमोर उभं राहून तो पाहिला आणि कुंदाला कुणाकडे शिकलीस असं विचारलं. मी तिथेच दुकानातल्या गाद्यांच्या कडेला होतो. ती म्हणाली, "धुळ्याचे चुडामणभाऊ आणि आमचे नाना."

चुडामणचं नाव आधी. पण 'आमचे' माझ्या बाजूला. हे मी पुष्कळ दिवस तोलत होतो. तिचे वडील होकार विचारायला माझ्याकडेच आले आणि मी हो म्हणालो. हेही मी त्याच पारड्यात घालतो.

एक गोष्ट राहिली. फोटोचा पहिला प्रिंट आला तेव्हा त्याच्या खालच्या कोपऱ्यात धोतराची कड आणि ती धरलेला माझा अंगठा आला होता. कुंदा म्हणाली, राहू द्या नाना, छान वाटतं. मी म्हणालो, फॅशनच्या फोटोत कपड्याशिवाय जे जे आहे ते कपड्याच्या वाटेतून बाजूला झालं पाहिजे. आणि पट्टी धरून मीच ती कड कापली. तिला दिलेला माझा शेवटचा सल्ला तोच. त्यानंतर ती मुंबईला गेली.

कापलेली पट्टी मी पुस्तकात खूण म्हणून ठेवली आहे. तिच्यात माझ्या अंगठ्याशेजारी चुडामणच्या बुटाचं टोकही आलं आहे. तेवढंच कापता येईल का, हे मी अधूनमधून भिंग लावून पाहतो. पण बूट अंगठ्याला अगदी टेकलेला आहे.