ओढ्याकाठचा पुदिना

"उकळायचा नसतो तो, जाऊबाई," धाकटी म्हणाली, आणि थोरलीच्या हातातली पळी हातातच राहिली.

लग्न होऊन आल्यापासून या घरात पुदिन्याचा चहा थोरलीच करायची. कुणाचं पोट फुगो, कुणाला मळमळो, गल्लीतल्या बाया तांब्या घेऊन तिच्याच दारात यायच्या. ती पाला पार काळा होईस्तोवर कढवायची. कडू लागलं तरच औषध, असा तिचा हिशोब. आणि ही कालची आलेली! पाला तळहातावर चुरगळला, पातेलं चुलीवरून उतरवून त्यात टाकला, वर झाकण ठेवलं, की झालं.

सासूनं दोन घोट घेतले आणि ढेकर दिला. "अगं, हा पिववतोय तरी! थोरले, तुझा पिताना पोटदुखी परवडली असं वाटायचं बघ."

दारातल्या बाया हसल्या. थोरलीही हसली, पण आतून जळफळली. त्यानंतर दारात येणारी जी ती धाकटीलाच हाक मारू लागली. थोरलीला अन्न गोड लागेना. "म्हणे वाफ कोंडायची! मोठी शहाणी लागून गेलीय," असं ती गोठ्यात म्हशीला ऐकवायची. म्हैस बिचारी रवंथ करत ऐकून घ्यायची.

एका दुपारी धाकटी शेतात गेली तशी थोरलीनं कुदळ घेतली. परसातला वाफा तिनंच लावलेला होता, तरी मुळापासून खणला. कांड्यांचे तुकडे तुकडे केले आणि पाटी भरून ओढ्याच्या चिखलात ओतली.

"ढोरं घुसली होती," तिनं संध्याकाळी सांगून टाकलं. सासू हळहळली. धाकटीनं कुदळीला लागलेली ओली माती पाहिली आणि कुदळ धुऊन कोपऱ्यात ठेवली.

सारा जन्म मातीत गेलेल्या बाईला कळायला हवं होतं, की पुदिना तोडल्यानं मरत नाही, त्याचं एकेक पेर रुजतं. पण मत्सराला कुठले डोळे! थंडी सरेस्तोवर ओढ्याचा काठ हिरवागार झाला. पाण्याला जाणाऱ्या बाया पदर भरभरून खुडू लागल्या, आणि घरोघर धाकटीच्या रीतीनं चहा होऊ लागला.

त्याच दिवसांत थोरलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. अंथरुणात गडबडा लोळत होती. धाकटी पेला घेऊन आली. वास येताच थोरलीनं तोंड फिरवलं.

"प्या, जाऊबाई. तुम्ही लावलेल्यातलाच आहे."

"मी? कुठं?"

"ओढ्याकाठी. मी कुणाला बोलले नाही."

थोरलीनं पेला हातात घेऊन रिकामा केला. हळूहळू कळ उतरली. मग कपाळाचा घाम पुसत ती म्हणाली, "झाकण जरा लवकरच काढलंस."