सहावीच्या कपाटातला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, सहावीच्या वर्गातल्या लोखंडी कपाटात, गुंडाळलेल्या तक्त्यांच्या मागे एक जुना सूक्ष्मदर्शक ठेवलेला आहे. तो मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भिंगे बसवणाऱ्या बाईने शेवटी स्वतः डोळा लावून पाहिले, "झकास" म्हणाली आणि मला खोक्यात घातले. ते खोके उघडले ते या वर्गात, आणि तेव्हापासून मी इथेच आहे. विज्ञानाच्या बाई मला लहान मुलासारखे दोन्ही हातांनी धरून खिडकीपाशी आणत. नवी मुले वाकून पाहत आणि "आई गं" म्हणत. मला तेवढी शाबासकी पुरे होती.

गेल्या सत्रात सहावीला पेशी होत्या. गणितात अपूर्णांक चालले होते, भूगोलात शाळेच्या आवाराचा नकाशा, आणि सत्राअखेर पालकांसाठी प्रदर्शन भरायचे होते. "जे शिकलात ते घरच्यांना शिकवायचं," बाईंनी सांगितले होते. "नुसतं पाठ म्हणून दाखवायचं नाही."

वर्गात एक मुलगी होती. तिचे प्रश्न कधी संपत नसत, म्हणून मुलांनी तिचे नाव 'प्रश्नावली' ठेवले होते. कांद्याचा पापुद्रा तिच्याइतका पातळ कोणालाच काढता येत नसे. तिच्या बाकावरचा लंबू मोठा धसमुसळा. त्याच्या हातात पापुद्र्याचा चोळामोळा व्हायचा. "अरे, चिमटा दाबू नकोस, नुसता धर," ती त्याला सांगायची.

एकदा बाईंनी रक्ताची तयार काचपट्टी लावली. प्रश्नावली माझ्यावरून डोळा काढेना. मग हळूच म्हणाली, "बाई, माझ्या रक्तात बिघाड झालाय म्हणे. तो यात दिसेल?"

बाई तिच्याजवळ बसल्या.

"यातून फार थोडं दिसतं गं बाळा. दवाखान्यात मोठी यंत्रं असतात."

"मग त्यांना दिसला की ते दुरुस्त करतील?"

"प्रयत्न करतील," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, बारीक गोष्ट मोठी करून दाखवणे एवढेच मला येते. बरे करणे येत नाही. त्या दिवशी मला माझे काचेचे पोट नकोसे झाले.

पुढे ती शाळेत येईनाशी झाली. एका सकाळी बाईंनी खडू हातात घेतला आणि फळ्याकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. मुलांना न सांगता कळले. प्रश्नावली गेली होती.

प्रदर्शन रद्द करायचे घाटत होते. लंबू उठून म्हणाला, "बाई, करूया ना. तिनं मला शिकवलंय."

प्रदर्शनाला तिचे बाबाही आले. ते शिंपी होते. दाराशीच घुटमळत होते. लंबू त्यांना हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आला. त्याने पापुद्रा काढला, अलगद आणि अखंड.

"ती अस्साच काढायची, काका. बघा."

बाबांनी डोळा लावला. "काही दिसत नाही रे."

"थांबा, स्पष्ट करतो." लंबूने चाक फिरवले, आरसा हलवला. "आता?"

"नाही रे बाळा."

दोष माझ्या चाकात नव्हता. माझ्या वरच्या भिंगावर पाणी पडले होते. लंबू पुन्हा चाकाला हात लावणार, तोच बाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे. थोडं थांबूया."

सगळे थांबले. बाबांनी बाहीने डोळे पुसले, भिंग पुसले आणि पुन्हा वाकले.

"एकाला एक शिवल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. बराच वेळ पाहत राहिले. "हे बघायची होय ती."

त्यानंतर बाईंनी मला कपाटात ठेवले. मुले विचारतात, "बाई, तळ्याचं पाणी कधी बघायचं?" बाई किल्ली घेऊन कपाटापर्यंत येतात, "पुढच्या आठवड्यात" म्हणतात आणि परत फिरतात. मी त्यांना बोल लावत नाही. पण इथे ओल आहे. माझ्या भिंगांच्या कडेला बुरशी धरू लागली आहे, चाके जड झाली आहेत. असेच चालले तर माझ्यातून कोणालाच काही दिसणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात असे बंद कपाट असेल, तर किल्ली मागा. जरा नेटाने मागा. बाई रडतील कदाचित. रडू द्या, त्यांच्याजवळ उभे राहा. मग आम्हाला मऊ कापडाने पुसा, खिडकीत ठेवा, आणि आधी कोणी बघायचे यावरून खुशाल भांडा.